सिगारची पेटी आणि धर्मराजचं नाक

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात धर्मराज पांचाळच्या नाकाची साक्ष चालायची. कुणी जुना पलंग सागवानी म्हणून विकायला आणला, की दुकानदार म्हणायचा, "थांबा, धर्मराजला बोलावतो." धर्मराज यायचा, लाकडाच्या कडेवरून पटाशीनं एक बारीक ढलपी काढायचा, नाकाशी धरायचा आणि निकाल द्यायचा. सागवान, शिसव, हळदू, आंबा, जे असेल ते. वरून पॉलिशचे चार हात चढवले असले तरी लाकूड त्याच्यापासून लपायचं नाही.

हे त्यानं वडिलांकडून उचललं होतं. वडील संगमेश्वराकडून अंबरनाथला आले ते काडेपेटीच्या कारखान्यात सुतारकाम मिळालं म्हणून. संध्याकाळी चाळीच्या पायरीवर बसून ते पोराला डोळे मिटायला लावायचे आणि एकेक ढलपी हुंगायला द्यायचे. चुकलं की डोक्यात टपली. वडिलांना विडी फार लागायची. शेवटी खोकून खोकून छातीचा भाता झाला आणि त्यातच ते गेले. तेव्हापासून धर्मराजनं तंबाखूला हात लावला नाही. गल्लीतले सगळे सुतार दुपारी तळहातावर चुना-तंबाखू मळत बसायचे, हा खिशातून बडीशेप काढायचा. "धर्मराज म्हातारपणी पण टुणटुणीत राहणार," असं सगळे म्हणायचे. त्यालाही ते मनातून पटलेलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्याचं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं उघडं, मागं भिंत. शेजारी किसन नावाचा त्याच्याच वयाचा सुतार. दोघांनी एकाच मालकाकडं काम शिकलेलं, एकाच वर्षी आपापला गाळा घेतलेला. गेल्या काही वर्षांत कामाची तऱ्हा पार बदलली होती. सागवान परवडेनासं झालं, सगळं प्लायवर आणि भुसा दाबून केलेल्या एमडीएफवर आलं. मशीननं ती एमडीएफची फळी कापली, की गल्लीत पीठ उडावं तसा भुसा उडायचा. भुवया, कानाचे केस, चहाचा पेला, सगळ्यावर त्याची पूड. लाकूड ओळखायला आता कुणी बोलवायचं नाही. धर्मराजचं नाक बिनकामाचं झालं होतं, आणि बिनकामाच्या गोष्टीकडं माणसाचं लक्ष राहत नाही.

अशात एक दिवस हरेशशेठ वर्कशॉपवर आला. हरेशचा जीन्स शिवायचा कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिथली कापड कापायची लांबच लांब टेबलं धर्मराजनंच बनवलेली. हरेशनं मोबाईल पुढं केला.

"धर्मराजभाई, असा डबा बनवायचाय. सिगारसाठी."

फोटोत एक चकचकीत लाकडी पेटी होती. झाकण उघडं, आत तपकिरी सिगार ओळीनं झोपवलेले.

"एवढी मोठी?" धर्मराज म्हणाला. "ह्यात तर माणसाचं डोकं मावेल."

"ह्याला ह्युमिडोर बोलतात. सिगार म्हणजे पान आहे ना, सुकलं की तुटतं, जास्त ओलं झालं की बुरशी येते. ह्या डब्यात ओलावा एकसारखा राहतो. आतलं लाकूड पाणी पितं, आणि मग हळूहळू सोडतं."

"म्हणजे विडीचीच पानं ना ही?"

"विडीचा शेठ समज," हरेश हसून म्हणाला.

धर्मराजनं कपाळाला हात लावला. आयुष्यभर त्यानं देव्हारे केले, पाळणे केले, रुखवतातले चौरंग केले. पण विडीसाठी कुणी एवढा थाट करतं, हे त्यानं ऐकलंही नव्हतं. तो नाहीच म्हणणार होता. तंबाखूचं काम नको, एवढंच तोंडावर आलं होतं. पण हरेश स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "माझ्यासाठी नाही रे. मोठ्या भावासाठी. नायजेरियात असतो. साठ वर्षांचा होतोय, इकडं येणार आहे. लहान असताना आम्ही दोघं निर्वासितांच्या बराकीत एका फळीवर झोपायचो. मी पडू नये म्हणून तो कडेला झोपायचा. बाहेरून विकत आणला तर त्यात माझं काय? इथं आपल्या कॅम्पात बनलेला पाहिजे."

फळीची गोष्ट ऐकली आणि धर्मराजला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी बदलापूरला घरी गेल्यावर त्यानं बायकोला, रोहिणीला सांगितलं, "लोक विडीला पाळण्यात घालायला लागलेत." रोहिणी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तुम्ही पाळणा करून द्या. आत कोण झोपतंय ते आपल्याला काय करायचंय?"

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. कितीतरी वर्षांनी प्लाय सोडून खरं लाकूड हातात आलं होतं. बाहेरून शिसव घेतलं. कोपरे तिरके कापून असे जुळवले की सांध्यात केस जाऊ नये. झाकण बसवताना तर त्याचा कस लागला. झाकण घट्ट हवं, पण अडकायला नको. वरून सोडलं की आतली हवा हळूहळू बाहेर जाऊन ते आपोआप टेकायला हवं. चारदा किसन येऊन बघून गेला. चौथ्या वेळी झाकण नुसतं सोडलं आणि ते झोपलेल्या माणसानं श्वास टाकावा तसं खाली आलं, तेव्हा किसन म्हणाला, "ह्यात सिगार काय, मीच झोपतो."

आतल्या अस्तराला हरेशनं सीडर नावाचं लाकूड सांगितलं होतं. "त्याचा मंद, गोड वास असतो, तोच सिगारला लागतो," असं तो म्हणाला होता. धर्मराज लाकडाच्या वखारीत गेला. वखारवाला म्हणाला, "सीडर म्हणजे देवदारच की," आणि त्यानं पिवळसर फळ्या काढून दिल्या. देवदार उत्तरेकडचं लाकूड. धर्मराजच्या हाताखालून ते फारसं गेलं नव्हतं. त्यानं सवयीनं ढलपी काढली, डोळे मिटले, नाकाशी धरली. मंद आहे, असं त्याला वाटलं. अगदी हरेश म्हणाला तसं. त्यानं फळ्या घेतल्या, रंधा मारला, पातळ पट्ट्या काढून पेटीच्या आत बसवल्या. आतून पॉलिश नाही, रंग नाही, नुसतं लाकूड.

ठरलेल्या दिवशी तो पेटी कापडात गुंडाळून हरेशच्या कारखान्यात गेला. खाली मशिनांचा खडखडाट, निळ्या कापडाचे ढीग. वरच्या केबिनमध्ये हरेश होता, आणि त्याचा कटिंगमास्टर सदू टेबलापाशी उभा होता. धर्मराजनं पेटी टेबलावर ठेवली आणि कापड काढलं. हरेशचा चेहरा फुलला. शिसवाच्या रेषांवरून त्यानं बोट फिरवलं. मग हौसेनं झाकण उघडलं आणि वास घ्यायला आत वाकला.

वाकला तसाच मागं सरला. नाकावर हात.

"धर्मराजभाई, हे काय आहे? थिनर सांडलं का ह्याच्यात?"

"थिनर? आत थेंबभर काही लावलेलं नाही, शेठ. मंदच वास आहे, तुम्ही सांगितला तसा."

"मंद?" हरेश त्याच्याकडं बघत राहिला. "सदू, इकडं ये. जरा वास घे."

सदू वाकला आणि त्याला ठसकाच लागला. "बाप रे! काका, ह्यात काय डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या का? डोळ्यांतनं पाणी आलं."

धर्मराजच्या कानाची पाळी तापली. दोघं मिळून आपली चेष्टा करतायत, अशी त्याची खात्रीच झाली. शेठ लोकांच्या चेष्टा त्याला नव्या नव्हत्या. त्यानं पेटी पुढं ओढली, आत नाक घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच नव्हतं. मंद नव्हतं, गोड नव्हतं, उग्र नव्हतं. स्वच्छ धुतलेल्या काचेच्या पेल्यात नाक घालावं, तसं.

"घेऊन जातो," तो म्हणाला. "अस्तर बदलून देतो."

"नाराज नको होऊ रे," हरेश जिन्यापर्यंत मागं आला. पण धर्मराज खाली उतरला होता.

शेअर रिक्षात त्यानं पेटी मांडीवर घेतली. शेजारी एक बाई लेकराला घेऊन बसली होती. रिक्षा सुरू होते न होते तोच तिनं लेकराच्या नाकाला पदर लावला. "भाऊ, डब्यात काय आहे हो? केवढा उग्र वास! पोरगं ओकेल माझं."

ह्या बाईला हरेशनं शिकवून पाठवलेलं नव्हतं. 

स्टेशनच्या अलीकडंच तो रिक्षातून उतरला. फुटपाथवर एक म्हातारी सुकी मासळी घेऊन बसली होती. बोंबील, सुकट, जवळा. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. धर्मराज तिच्यासमोर उकिडवा बसला, पेटी बाजूला ठेवली आणि बोंबलाच्या टोपलीवर वाकला. आणखी वाकला. बोंबील नाकाला टोचले.

"काय रं दादा, टोपलीत तोंड घालतोस का?" म्हातारी ओरडली.

"मावशी, ह्याला वास आहे का?"

"आँ?"

"वास. बोंबलाला वास येतोय का?"

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माणूस प्यायलेला दिसत नव्हता. तिचा आवाज एकदम खाली आला. "येतोय की रं. लांबून येतोय. तुला नाय येत?"

धर्मराज तिथंच फुटपाथवर बसला. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. मग एवढे दिवस आपण काय हुंगत होतो? सकाळी चहाचा वास आला होता की नाही? देवाजवळ उदबत्ती लावली, तिचा? त्याला आठवेना. शिसवाची ढलपी नाकाशी धरली तेव्हा शिसवाचा वास आला होता, एवढं तो शपथेवर सांगू शकला असता. पण लाकूड तर डोळ्यांना दिसत होतं. रंग दिसत होता, रेषा दिसत होत्या, हाताला वजन लागत होतं. वास त्यानं आठवणीतूनच आणला होता. देवदाराची आठवण नव्हती, म्हणून हरेश जे बोलला तेच त्याच्या नाकाला खरं वाटलं.

घरी आल्यावर त्यानं रोहिणीला काही सांगितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला, हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली. मग कापूर. मग बाटलीतलं फिनेल. रोहिणी दारात उभी राहून बघत होती.

"काय चाललंय?"

"रोहिणी, मला वास येत नाही."

"सर्दी झाली असेल."

"सर्दी नाही. कशाचाच येत नाही."

रोहिणीच्या चेहऱ्यावरचा रंग बघता बघता उतरला. ती खुर्चीत बसली. "अहो, म्हणजे त्या दिवशी मी बाजारातून आले, घरभर गॅस पसरला होता आणि तुम्ही इथं पेपर वाचत बसला होतात. मी किती बोलले तुम्हाला! म्हटलं, ह्या माणसाला कशाची फिकीरच नाही." तिनं तोंडावर हात ठेवला. "आणि माळ्यावर उंदीर मेला होता, तेव्हा तुम्ही खालीच निवांत जेवत होतात. मला वाटलं, मी घाण काढावी म्हणून मुद्दाम गप्प बसलात."

 त्या गॅसच्या दिवशी कुणी नुसतं दिव्याचं बटण दाबलं असतं तर, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं. रोहिणीनं उठून गॅसचं बटण तपासलं.

मग एकेक आठवत गेलं. डाव्या नाकपुडीतून श्वास नीट जात नव्हता, त्याला तो भुसा म्हणायचा. कधीमधी रुमालाला रक्ताचा ठिपका लागायचा, त्याला तो उष्णता म्हणायचा आणि सब्जा प्यायचा. त्यांची लेक प्रगती ऐरोलीला नोकरी करत होती. तिनं फोनवर हे ऐकलं आणि रजा टाकून आली.

बदलापुरातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलक्या होत्या. नाकात बारीक नळी घालताना त्या धर्मराजला हसवत होत्या, "काका, शिंकू नका हां, नळी महाग आहे." समोरच्या पडद्यावर लालसर काहीतरी दिसत होतं. आणि मग त्या बोलायच्या थांबल्या. त्यांचं ते गप्प होणंच धर्मराजला जास्त लागलं. नळी काढल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "आत गाठीसारखं आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवू या. उशीर नको."

मुंबईच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, तपासायला गाठीचा तुकडा काढून झाला. पुढच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी तिघांनाही खुर्च्या दिल्या. डॉक्टरांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, की बातमी काय असणार हे कळायला माणूस शिकलेला लागत नाही.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "नाकाच्या वरच्या पोकळीत. पण लवकर आलात. डोळ्याकडं, मेंदूकडं गेलेला नाही. ऑपरेशन करता येईल."

प्रगतीनं वडिलांचा हात धरला. धर्मराज डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होता.

"तंबाखू किती वर्षं खाता?"

"खात नाही."

"विडी, सिगारेट?"

"आयुष्यात नाही."

"मशेरी? तपकीर?"

"डॉक्टर, माझा बाप विडीनं गेला. मी तंबाखूच्या दुकानाशेजारी उभासुद्धा राहत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "काम काय करता?"

"सुतारकाम."

"किती वर्षं?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "मग त्यानं असेल. लाकडाचा भुसा. वर्षानुवर्षं नाकात जाऊन बसतो. सुतारांना ह्या जागी हा आजार होतो. तोंडाला कधी काही बांधायचात?"

धर्मराजला प्रश्न ऐकू आला नाही. कॅन्सर हा शब्द ऐकूनही तो एवढा हबकला नव्हता. तो शब्द वडिलांच्या वेळी घरात एकदा येऊन गेलेला होता, ओळखीचा होता. पण लाकूड? लाकडानं त्याला जेवायला घातलं होतं. लाकडानं बदलापूरचं घर दिलं, प्रगतीचं शिक्षण केलं. वडिलांच्या हातची माया म्हणून त्याच्याकडं उरलं होतं ते ढलपीच्या वासातच उरलं होतं.

"तुमची काहीतरी चूक होतेय," तो डॉक्टरांना म्हणाला. "लाकूड नाही करणार मला असं."

 रोहिणीनं पदर डोळ्यांना लावला. बाहेर आल्यावर हॉस्पिटलच्या बाकावर बसून धर्मराज एकदम हसायला लागला, आणि त्या हसण्यानं मायलेकी जास्तच घाबरल्या. "अगं," तो म्हणाला, "किसन मला म्हणायचा, तंबाखू खात नाहीस, शंभर वर्षं जगशील. तो तंबाखू मळत बसायचा तेव्हा मी भुसा खात होतो."

ऑपरेशन नाकातूनच झालं, बाहेर चिरा नाही. मग लाइट घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, रोजच्या फेऱ्या. तोंड कोरडं, घास गिळवेना, नाकात खपल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वास परत येईल अशी आशा ठेवू नका, वास ओळखणारा भागच काढावा लागणार. धर्मराजनं हे शांतपणे ऐकून घेतलं होतं. पण पहिल्यांदा नाकातली पट्टी निघाली, तेव्हा त्यानं घाईघाईनं श्वास आत ओढला, आणि पुन्हा तोच धुतलेला पेला. तो भिंतीकडं तोंड करून बराच वेळ पडून राहिला.

हरेश हॉस्पिटलातही आला आणि घरीही आला. पहिल्या वेळी तो खुर्चीच्या कडेवर अपराध्यासारखा बसला. "मला काय माहीत रे," तो म्हणाला. "तुझ्याकडून ते तंबाखूचं काम करून घेतलं. देवाला आवडलं नसेल."

"शेठ, उलटं बोलताय तुम्ही," धर्मराजचा आवाज अजून नाकात घुमत होता. "तुमची पेटी नसती तर मला कळलं नसतं. प्लाय-एमडीएफ कापत राहिलो असतो. त्याला वास असला काय, नसला काय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असता तर डोळा गेला असता."

 हरेशचा भाऊ येऊन, साठी साजरी करून परत गेला होता. "भावाला सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तो बोलला, डबा राहू दे, त्या माणसाला बरं होऊ दे. तो गाडीत बसेपर्यंत तुझंच विचारत होता."

ज्याला कधी पाहिलं नाही असा नायजेरियातला माणूस आपली चौकशी करत होता, ह्याचं धर्मराजला फार आश्चर्य वाटलं. त्यानं त्याच दिवशी ठरवलं की पेटी पुरी करायची.

अंगात थोडी ताकद आल्यावर तो रोहिणीला घेऊन वखारीत गेला. तोंडाला जाड मास्क, आणि वखारीच्या आत जायचं नाही, दाराशी थांबायचं, अशी प्रगतीची ताकीद. ह्या वेळी त्यानं चार ठिकाणी विचारून ठेवलं होतं. सिगारला लागतं ते सीडर देवदार नव्हेच. त्याच्या जवळचं आपल्याकडं तून मिळतं, लालसर, हलकं लाकूड. वखारवाल्यानं तुनाच्या तीन-चार फळ्या बाहेर आणून टेकवल्या. धर्मराजनं पटाशीनं एकेक ढलपी काढली आणि रोहिणीच्या हातावर ठेवली.

"सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"नाकाला काय वाटतं ते सांग. खोटं नको सांगूस."

रोहिणीनं पहिली हुंगली. "ओली आहे. गोणपाटासारखी." दुसरी. "ही काहीच नाही." तिसरी तिनं बराच वेळ धरली. डोळे आपोआप मिटले. "ही चांगली आहे. गुळाची ढेप फोडतात ना, तसं काहीतरी. आणि खाली थोडी मिरी आहे. घशाला टोचणारी नाही, लांबून येणारी."

 एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई लाकडाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. धर्मराजच्या अंगाला येणारे सगळे वास तिनं रोज घरात घेतले होते. शिसवाचे, सागाचे, पॉलिशचे. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"आणि मी कामावरून यायचो," त्यानं विचारलं, "तेव्हा कसला वास यायचा?"

"पेन्सिलीला टोक केल्यासारखा," रोहिणी म्हणाली. "आता फक्त औषधांचा येतो."

कापायचं, घासायचं काम किसननं केलं. धर्मराज वाऱ्याच्या बाजूनं, गाळ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून शिव्या द्यायचा. देवदाराचं अस्तर काढून टाकलं, तरी शिसवात त्याचा वास मुरलाय असं रोहिणी म्हणाली, म्हणून ती पेटी बाजूला ठेवून नवीनच केली. ती हरेशनं भावाकडं पाठवली. पुढं तिकडून एक व्हिडिओ आला. केस पिकलेला एक जाडा माणूस पेटीचं झाकण वर करत होता, सोडत होता, ते हळूच खाली येत होतं. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी त्यानं तोंड कॅमेऱ्याकडं केलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "धर्मराज दादा, तुमी जेवला काय?" एवढंच. बहुतेक तेवढंच मराठी त्याला आठवत असावं. धर्मराजनं तो व्हिडिओ रोहिणीला दाखवला, प्रगतीला पाठवला, आणि गल्लीत ज्याला त्याला दाखवल्याशिवाय सोडलं नाही.

गल्लीत आणखीही एक गोष्ट तो प्रत्येकाला सांगत सुटला होता. तोंडाला बांधा. भुसा ओढून घेणारं मशीन लावा. आणि नाक तपासून घ्या. सुतार हसायचे. "धर्मराज, तुझं गेलं म्हणून आमची नाकं कापायला निघालास काय?" तो चिडायचा नाही. खिशात कापराची वडी ठेवायचा. एकेकाला धरायचा, एक नाकपुडी बोटानं बंद करायची, दुसऱ्यापाशी कापूर धरायचा. मग बाजू बदलायची. पोरंटोरंसुद्धा त्याला कापूरवाले काका म्हणायला लागली.

किसन सगळ्यात जास्त टाळत होता. एक दिवस चहा पिताना धर्मराजनं त्याला पकडलंच. उजव्या नाकपुडीला कापूर धरला, तर किसननं तोंड वाकडं केलं, "बस बस, चढला डोक्यात." डावीला धरला. किसन वाट बघत राहिला.

"धर ना," तो म्हणाला.

"धरलाय."

चहाचा पेला किसनच्या हातात तसाच राहिला.  हे विचारायलाच धर्मराज गल्लीभर फिरत होता, आणि आता उत्तर समोर आलं तर ते त्याला नको होतं. त्यानं किसनला बोलूच दिलं नाही. रिक्षा केली आणि त्याला थेट बदलापूरच्या त्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. वाटेत किसन एकदाच बोलला, "माझ्या पोरीचं लग्न राहिलंय रे." धर्मराजनं त्याचा गुडघा घट्ट धरून ठेवला.

नळी आत गेली. धर्मराज पडद्याकडं न बघता बाईंच्या तोंडाकडं बघत होता. त्या बोलतायत की गप्प होतायत, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं.

"काका, शिंकू नका," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थोडं वर बघा." मग म्हणाल्या, "अहो, हा तर साधा कोंब आहे. जुन्या सर्दीनं मांस वाढतं तसा. तरी तुकडा तपासून घेऊ, पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही."

तुकड्याचाही निकाल चांगला आला. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना किसननं धर्मराजला त्याच्या बापजाद्यांसकट ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून खालचा औषधवाला दुकानाबाहेर आला. "मला जिवंतपणी मारलंस रे! चार दिवस अन्न गेलं नाही घशाखाली. बायकोनं देव पाण्यात घातले. तुझ्या त्या कापराला आग लागो!"

धर्मराज खाली मान घालून ऐकत उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या मोकळ्या गळ्यानं शिव्या देणारा माणूस त्यानं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. शिव्या संपल्यावर किसननं श्वास घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "तो मास्क तू कुठून घेतलास रे?"

"चल," धर्मराज म्हणाला, "स्टेशनजवळच मिळतो."